अक्कलदाढेभोवतीचा काळा गोल

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या भागांतील दंतवैद्य काढलेला तुकडा तपासणीसाठी माझ्याकडे पाठवतात, तेव्हा फॉर्मॅलिनच्या बाटलीसोबत बहुधा जबड्याचा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, जोडलेला असतो आणि त्यात खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला, न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती, स्पष्ट कडांचा एक काळा गोल दिसत असतो. दुखत नसल्यामुळे रुग्णाला त्याचा पत्ताच नसतो. गाल थोडा फुगला किंवा शेजारची दाढ हलू लागली की मग चौकशी सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘कॅन्सर न्हाई न्हवं, डॉक्टर?’’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असते आणि ते ऐकताच घरची मंडळी इतकी निर्धास्त होतात की पुढचे बोलणे कोणाच्या कानावर पडत नाही. मला लिहायचे आहे ते त्या पुढच्या बोलण्याबद्दल, कारण कर्करोग नसलेल्या या गाठींपैकी काहींसाठी जबड्याचा भाग कापून काढावा लागतो.

दातांची घडण गर्भावस्थेच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. तोंडाच्या अस्तराची एक पट्टी आत उतरते, तिच्यावर धरलेल्या कळ्यांतून प्रत्येक दाताचे इनॅमल, म्हणजे दातावरचे टणक आवरण, घडवणारी रचना तयार होते आणि काम संपले की ती नाहीशी होते. झिजलेले इनॅमल पुन्हा येत नाही ते म्हणूनच. मात्र या पेशींचे बारीक पुंजके हिरडीत, हाडात आणि दातांच्या मुळांभोवती मागे राहतात. मुळांभोवतीचे पुंजके एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांच्या नावाने ओळखले जातात. किडून मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी, जबड्यातील सर्वांत नेहमीची सिस्ट, म्हणजे आत द्रव साठलेली पिशवी, त्यांच्यातूनच उद्भवते. रूट कॅनाल करून किंवा दात काढून आणि गरज पडल्यास छोट्या शस्त्रक्रियेने तिचा प्रश्न सहसा मिटतो.

अक्कलदाढेभोवतीचा गोल इतका सरळ नसतो. तो डेंटिजेरस सिस्ट असू शकतो, केराटोसिस्ट असू शकतो किंवा अमेलोब्लास्टोमा, म्हणजे सिस्ट नव्हे तर दात घडवणाऱ्या पेशींची गाठ. आणि अनुभवी डोळ्यालाही केवळ ओपीजीवरून यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. डेंटिजेरस सिस्टमध्ये न उगवलेल्या दाताचा माथा आणि त्याभोवतीचे आवरण यांच्यामध्ये द्रव साठतो. दात आणि पिशवी दोन्ही नीट काढली की ती क्वचितच परतते.

केराटोसिस्ट गाल न फुगवता हाडाच्या आतून लांबवर पसरते, म्हणून ती फार उशिरा सापडते. तिचे अस्तर जेमतेम सहा ते आठ पेशींच्या जाडीचे असते. काढताना ते फाटते, एखादा पापुद्रा आत राहतो आणि काही वर्षांनी तिथे पुन्हा सिस्ट दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००५ साली तिला अर्बुदांमध्ये, म्हणजे पेशींच्या वाढीतून होणाऱ्या गाठींमध्ये, बसवले गेले आणि २०१७ साली पुन्हा सिस्टमध्ये आणले गेले. माझ्या मते या ये-जा करण्याने रुग्णाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही, कारण तिची परतण्याची खोड तीच राहिली. लहान वयात अशा अनेक सिस्ट एकदम आढळल्या, तर गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा शोध घ्यावा लागतो.

अमेलोब्लास्टोमा सावकाश वाढतो, पण त्याच्या पेशी हाडाच्या जाळीत, एक्स-रेवर दिसणाऱ्या कडेच्याही पलीकडे शिरलेल्या असतात. त्यामुळे नुसता खरवडून काढला तर तो बहुतेकदा परत येतो. कागलकडच्या एका शेतकऱ्याला मी हे समजावत होतो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले, ‘‘म्हंजे खोडवा फुटतोय म्हणा की!’’ याहून नेमके मला सांगता आले नसते. म्हणूनच दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडचे एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात आणि मोठी पोकळी पायाच्या फिब्युला या बारीक हाडाने भरून काढतात. २०१४ साली या गाठींमध्ये बीआरएएफ जनुकातील एक बदल सापडला, जो त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगातही आढळतो. त्यामुळे निवडक रुग्णांसाठी औषधाची वाट मोकळी झाली आहे. तरी मुख्य उपचार आजही शस्त्रक्रियाच आहे.

अमेलोब्लास्टोमाचाच एक प्रकार बाहेरून हुबेहूब सिस्टसारखा दिसतो आणि त्याच्या पिशवीच्या अस्तरात काही ठिकाणीच अमेलोब्लास्टोमाच्या पेशी असतात. पिशवीचा एकच कोपरा माझ्याकडे आला आणि नेमके तिथे अस्तर साधे निघाले, तर अहवाल बरोबर असूनही निदान चुकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण पिशवी पाठवण्याचा आग्रह मी धरतो. अक्कलदाढेसोबत निघालेली पिशवी कचऱ्याच्या बादलीत गेल्याचे ऐकले की मला मनापासून चीड येते.

वर्तमानपत्रांत गाजतो तो ओडोंटोमा, म्हणजे दातासारखे तुकडे तयार करणारी गाठ. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका मुलाच्या जबड्यातून २३२ आणि २०१९ साली चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दातसदृश तुकडे काढले गेले. आकडे थक्क करणारे असले तरी ही गाठ स्वभावाने गरीब आहे; एकदा काढली की सहसा परतत नाही. पिंडबोर्ग या डॅनिश तज्ज्ञांनी १९५५ साली वर्णन केलेली, आत खड्यांसारखे कण साठवणारी गाठ मात्र खरोखरच दुर्मीळ आहे.

गाठीला चाकू लावला की ती पसरते, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे आणि तिच्यापायी बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे, महिनोन्‌महिने पुढे ढकलली जाते. या गाठी बायोप्सीमुळे पसरत नाहीत. उलट कोणती शस्त्रक्रिया करायची, हे त्या तुकड्यावरूनच ठरते. केराटोसिस्ट आणि अमेलोब्लास्टोमाच्या रुग्णांना त्यानंतरही निदान दहा वर्षे ओपीजी काढून पाहावा लागतो. पुढचा ओपीजी कोणत्या महिन्यात काढायचा, हे मी अहवालाच्या तळाशी मराठीत लिहून देतो आणि शेतकरी घर असेल तर कारखान्यांचा गळीत हंगाम टाळूनच महिना सुचवतो.