आमची वाटचाल : अठरा पॉइंटांपासून सहा पॉइंटांपर्यंत

नाटकाच्या जाहिरातीत कोणाचं नाव किती मोठं, या एका प्रश्नावर आमचं जाहिराती तयार करायचं दुकान पंचवीस वर्षं चाललंय. शीर्षक सगळ्यात मोठं, त्याबद्दल वाद नसतो. त्याच्या खाली मात्र लढाई सुरू होते. नायकाचं नाव लेखकापेक्षा ठळक का, दोन नायिका असतील तर वर कोण आणि खाली कोण, शेवटच्या नावाआधी 'आणि' घातलं तर मान वाढतो की कमी होतो. निर्माते रात्री अकरा वाजता फोन करून अर्धा पॉइंट (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) वाढवून घेतात. करोनाच्या (२०२०-२१) या दीड-पावणेदोन वर्षांत नाटकांच्या जाहिरातीत मास्क-नियमांची एक नवीन ओळ आली आणि तिच्या आकारासाठी भांडायला कोणीच आलं नाही. जे आले ते ती बारीक करा म्हणून आले.

आम्ही १९९६ साली डोंबिवलीत, पूर्वेला, एका चाळीच्या पुढच्या खोलीत सुरुवात केली. मी जे. जे.मधून उपयोजित कला शिकून बाहेर पडले होते आणि धाकट्या बहिणीला हिशेब जमायचे. एवढंच भांडवल. तेव्हा कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आमच्यासाठी नवीन होतं. मराठी फॉन्ट मोजके, आणि त्यातला एकही नाटकाच्या नावाला शोभेल असा नव्हता. म्हणून शीर्षक हातानेच काढायचं, स्कॅन करायचं, बाकी मजकूर कॉम्प्युटरवर लावायचा, बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि ती घेऊन दादर गाठायचं. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या परिसरात निर्माते, व्यवस्थापक, तारखा धरणारे असे सगळे भेटत. तिथे उभ्या-उभ्याच मंजुरी मिळायची, किंवा "ताई, अजून थोडा जोर पाहिजे" एवढं ऐकून परतीची गाडी पकडायची.

आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने नाटकांची शीर्षकं हाताने काढणाऱ्या कमल शेडगे यांची अक्षरं गिरवली. पेपरातल्या जाहिराती कापून मी वह्या भरल्या होत्या. शीर्षक बघितलं की नाटक हसवणार, घाबरवणार की इतिहासात नेणार हे नाव वाचायच्या आधीच कळायचं, ही शेडग्यांची करामत. त्यांच्या आधी बहुतेक जाहिरातींत नाव म्हणजे नुसतं नाव होतं. ४ जुलै २०२० ला ते गेले. त्या दिवशी महाराष्ट्रात एकही नाट्यगृह उघडं नव्हतं.

धंद्याचं म्हणाल तर पेपरातली जागा कॉलम सेंटिमीटरवर (रुंदी कॉलमांत, उंची सेंटिमीटरमध्ये) विकली जाते, आणि निर्मात्याचा जीव त्या सेंटिमीटरमध्ये अडकलेला असतो. दोन कॉलमांच्या चौकटीत शीर्षक, फोटो, श्रेयनामावली आणि प्रयोगांच्या तारखा बसवायच्या. शनिवारी दुपारी गडकरी, रविवारी दुपारी शिवाजी मंदिर, रात्री दीनानाथ. नाटक पाहणारा माणूस आधी तारखा शोधतो, मग नाव वाचतो. त्यामुळे तारखांच्या ओळीला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. दुसरा नियम कागदाचा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. इंग्रजी अक्षर सहा पॉइंटात कसंबसं तग धरतं, पण आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, पोटात गाठी. सहा पॉइंटात 'ध' आणि 'घ' सारखेच दिसतात, रफार उडतो, अनुस्वार म्हणजे माशी बसल्यासारखा. आठ पॉइंटांच्या खाली मराठी मजकूर पेपरात छापणं म्हणजे तो न छापणंच. हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो, आणि ज्याला एखादी गोष्ट वाचली जायला नको असते त्यालाही ते चांगलं ठाऊक असतं.

मधली वर्षं भराभर गेली. हाताने रंगवलेले बोर्ड गेले, फ्लेक्स आला. बटर प्रिंट गेली, पीडीएफ आली. नंतर हलतं पोस्टर आलं, इन्स्टाग्रामचा चौकोन आला. दोन सहायक झाले, खोलीचा गाळा झाला. फार श्रीमंत झालो नाही, पण दर रविवारी पेपर उघडला की आमची चार-पाच तरी कामं त्यात दिसत.

मार्च २०२० च्या मध्यावर नाट्यगृहं बंद झाली. पाठोपाठ लोकल बंद, आणि महिनाअखेरीस तर मुंबईत काही दिवस छापील पेपरच येईना. आमच्या धंद्याचे तिन्ही पाय एकदम गेले. नाटक नाही म्हणून जाहिरात नाही, पेपर नाही म्हणून जागा नाही, गाडी नाही म्हणून दादर नाही. सहायकांचे अर्धे पगार आम्ही चालू ठेवले, ते बहिणीच्या हिशेबी स्वभावामुळे. पडद्यामागच्या कामगारांचे हाल आमच्यापेक्षा किती तरी वाईट होते. प्रयोगागणिक पैसे घेणारा माणूस, प्रयोगच नाही तर त्याने जायचं कुठे? काही निर्मात्यांनी आणि संस्थांनी किराणा पोचवला, पैसे दिले. तेवढ्यावर महिने निघत नाहीत. नाट्यगृहं उघडा म्हणणाऱ्यांत मीही होते, हे इथे सांगितलं पाहिजे. पुढे मी जे म्हणणार आहे ते घरात बसून पगार मिळणाऱ्याचं शहाणपण नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे जी कामं आली ती सोसायट्यांची, दुकानांची आणि दवाखान्यांची. 'मास्कशिवाय प्रवेश नाही', 'सहा फूट अंतर', लिफ्टमधले पायांचे ठसे, किराणा दुकानापुढची वर्तुळं. सुरुवातीला लोक ते स्टिकर अक्षरशः मागून नेत. सगळीकडे विषाणूचा तोच काटेरी चेंडू, तोच लाल रंग, तीच तीन चित्रं. त्याच वेळी मी बहिणीला म्हटलं होतं की हे महिनाभराने कोणाला दिसणार नाही. ही बढाई नाही, आमच्या धंद्यातलं साधं ज्ञान आहे. एकच पोस्टर एकाच भिंतीवर तिसऱ्या आठवड्यात भिंतीचा भाग होतं. म्हणूनच तर नाटकवाले पंचविसाव्या प्रयोगाला, पन्नासाव्याला, शंभराव्याला जाहिरात बदलतात, चेहरा फिरवतात, कोपऱ्यात पिवळी पट्टी टाकतात. आजाराची जाहिरात मात्र कोणी बदलली नाही. फोन लावला की खोकल्याची धून वाजायची आणि माणूस ती संपेपर्यंत फोन कानापासून लांब धरायचा.

५ नोव्हेंबर २०२० ला, म्हणजे नेमक्या रंगभूमी दिनी, निम्म्या क्षमतेने नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. प्रयोग खऱ्या अर्थाने सुरू झाले ते डिसेंबरात. त्या पहिल्या जाहिरातींत निर्मात्यांनी स्वतःहून सांगितलं, सूचना वर घ्या. 'शासनाचे सर्व नियम पाळून, निम्म्या आसनक्षमतेने. मास्क अनिवार्य.' अठरा पॉइंट, ठळक, शीर्षकाच्या डोक्यावर. नायकाच्या नावाला धक्का लागला तरी कोणी कुरकुरलं नाही. लोक यायला घाबरत होते आणि ती ओळ हीच खरी जाहिरात होती. आमच्याकडे चला, आम्ही काळजी घेतो, असं ती सांगत होती.

जानेवारीत लसीकरण सुरू झालं. १ फेब्रुवारी २०२१ पासून लोकल सगळ्यांसाठी उघडली, ठरावीक वेळांत. राज्यात रोजचे रुग्ण दोन-तीन हजारांवर आले होते. आणि त्या ओळीचा प्रवास सुरू झाला. आधी ती शीर्षकाच्या डोक्यावरून तळाला गेली, चौदा पॉइंट. "ताई, लोकांना आता माहितीये सगळं." मग दहा. मग एका व्यवस्थापकाने 'मास्क अनिवार्य' काढून 'नियमांचे पालन करावे' एवढंच ठेवायला सांगितलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका जाहिरातीत ती ओळ सहा पॉइंटात, तिकीट विक्रीच्या फोन नंबराखाली, काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत आली. सकाळी पेपर हातात घेतला तर अक्षरांचं पांढरं शाईने भरून गेलेलं. मी भिंग लावलं तरी वाचता आलं नाही, आणि मजकूर मीच लावलेला होता. तेव्हा विदर्भात, अमरावतीकडे, रुग्ण वाढून महिना होत आला होता. मुख्यमंत्र्यांनी 'मी जबाबदार' म्हणून आवाहन करूनही दोन-तीन आठवडे झाले होते.

इथे मला निर्मात्यांना झोडायचं नाही. जाहिरातदार प्रेक्षकाच्या पुढे जात नाही, त्याच्या मागे मागे चालतो. लोकांची भीती जेवढी तेवढा त्या ओळीचा आकार. राज्यात किती माणसं किती गाफील झाली हे मोजायला कुठलं यंत्र नसेल, पण आमच्या हार्ड डिस्कवर त्या चार महिन्यांच्या जाहिराती तारखेनिशी पडून आहेत. त्या ओळीने लावून पाहिल्या की सगळं समजतं. 'मला काय होतंय' हे वाक्य जाहिरातीत कोणी छापत नाही, ते असं छापलं जातं.

५ एप्रिलला पुन्हा सगळं बंद. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे जे काम आलं ते मी पंचवीस वर्षांत एवढं कधी केलं नव्हतं. भावपूर्ण श्रद्धांजली. फ्लेक्स लावायला माणसं नव्हती, म्हणून मोबाइलवर पाठवायचे चौकोन. घरचे फोटो पाठवत आणि म्हणत, यातून बाबांना तेवढं वेगळं काढा. फोटो बहुतेक फेब्रुवारीतल्या लग्नांचे असत. स्टेजवर पंधरा-वीस माणसं खांद्याला खांदा लावून, फेटे बांधून, एकाच्याही तोंडावर मास्क नाही. त्यातला एक चेहरा कापून काढायचा, मागे फिकट निळा रंग भरायचा, खाली शोकाकुल म्हणून त्याच फोटोतल्या उरलेल्यांची नावं टाकायची. लग्नात माणसाने मास्क घालून फोटो काढावा, असं मी तरी कोणाला कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? तरीही ते फोटो एकामागून एक उघडताना राग यायचा, तो नेमका कोणावर हे कळायचं नाही. या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. आमचा फ्लेक्स छापणारा, दोन तपं आमच्याबरोबर काम केलेला माणूस, त्याच मे महिन्यात गेला. त्याचाही चौकोन आम्हीच केला.

त्या ऑगस्टमध्ये रंगकर्मी रस्त्यावर आले, नाट्यगृहं उघडा म्हणून. अखेर २२ ऑक्टोबरला ती उघडली, पुन्हा निम्म्या क्षमतेने. एका नाट्यगृहात खुर्च्यांवर लावायच्या स्टिकरचं काम आम्हाला मिळालं. आदल्या वेळी लाल फुली केली होती, आणि तिचं काय झालं ते मी पाहिलं होतं. लोक फुलीवर पर्स ठेवत, पहिला अंक संपला की पर्स उचलून शेजारचे पाहुणे तिथे बसवत. एकाच रिक्षातून येणाऱ्या माणसांना मधली खुर्ची सोडा म्हणणं त्यांना हास्यास्पद वाटे, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. या वेळी फुली काढून टाकली. नाटकाच्या तिकिटासारखा चौकोन काढला, त्यात रांग, आसन क्रमांक, आणि खाली 'राखीव'. नाटकाचा प्रेक्षक सरकारला मानेल न मानेल, राखीव खुर्चीला मानतो. मध्यंतरात उभी राहून पाहिलं. पर्स काही ठिकाणी आल्याच, माणसं मात्र फारशी बसली नव्हती. व्यवस्थापकांनी विचारलं, या राखीव जागांचे पैसे कोणाकडून घ्यायचे?

आज हे लिहिताना डिसेंबर २०२१ सुरू आहे. करोना विषाणूचा नवा प्रकार, ओमायक्रॉन, राज्यात पहिल्यांदा सापडला तो आमच्याच कल्याण-डोंबिवलीत, ४ तारखेला. दोन दिवस स्टेशनवर मास्क नाकावर चढले, तिसऱ्या दिवशी परत हनुवटीवर आले. विनामास्क ५०० रुपये दंड आहे, तो घेणाऱ्याचाही मास्क गळ्यात असतो. भाजीवाल्याला विचारलं तर म्हणतो, मॅडम, दोन डोस झाले ना. डोस झालेत हे चांगलंच आहे, एप्रिलसारखं होणार नाही अशी मलाही आशा आहे. पण आशा आणि खात्री या वेगवेगळ्या पॉइंटात लावायच्या गोष्टी आहेत.

म्हणून दिवाळीनंतर आम्ही दरपत्रकात एक कलम घातलं. नाट्यगृहातल्या नियमांची ओळ आमच्याकडून होणाऱ्या कुठल्याही जाहिरातीत बारा पॉइंटांच्या खाली जाणार नाही, आणि ती काळ्या पट्टीवर पांढऱ्यात लागणार नाही. दर दोन आठवड्यांनी तिचं वाक्य, जागा आणि रंग आम्ही बदलू, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्यांना हे चालत नाही त्यांनी दुसरीकडे काम द्यावं. एक जुने ग्राहक गेले, त्यांची जाहिरात आता दुसरं कोणी करतं आणि ती ओळ त्यात अजिबात नसते. बाकीचे कुरकुरत राहिले. त्यातले एक निर्माते परवा नवीन नाटकाचं डिझाइन बघून म्हणाले, "ताई, तुमची ही ओळ माझ्या नायकाच्या नावापेक्षा ठळक दिसतेय. त्याने पाहिलं तर मानधन वाढवून मागेल." मी म्हटलं, नायकाचं नाव वाढवा, जागा दोन सेंटिमीटर जास्त घ्या. त्यांनी पेपरचा दर सांगितला, बहिणीने हिशेब केला, आणि त्या दोन सेंटिमीटरचे पैसे निम्मे-निम्मे करायचं ठरलं.