उलट्या धारेचा कोयता

नागपूरहून गडचिरोली सुमारे १७० किलोमीटर. तिथून आलापल्ली, मग भामरागडचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना साग. एवढा खटाटोप कुऱ्हाडीसाठी. मागच्या वर्षी एका प्रदर्शनातून मी 'आदिवासी कुऱ्हाड' म्हणून एक चकचकीत वस्तू आणली होती. पहिल्याच घावाला पातं दांड्यातून निसटलं आणि शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनाशी जाऊन पडलं. नशीब, काकू आत होत्या. तेव्हापासून माझा नियम एकच: संग्रहात नक्कल चालेल, पण ती लाकूड फोडणारी हवी.

या रस्त्यावर माडिया आदिवासींच्या खांद्यावर कुऱ्हाड दिसतेच. पातं लहान, दांडा लांब. तसलीच हवी, असं मी एका लोहारबाबांना सांगितलं. (गावाचं नाव लिहीत नाही, बाबांना गर्दी नको आहे.) त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"भिताडाले टांगाची आहे, का लाकूड फोडाची?"

"फोडायची."

"मंग हात पुढं करा जी."

मी हात पुढे केला, तो डावा! बाबा हसले. मला नमुन्याबरहुकूम वस्तू हवी होती. ते मात्र बगलेपासून बोटांपर्यंत माझं माप घेत होते. दांड्याला त्यांनी धावड्याचं लाकूड काढलं.

पोलाद म्हणजे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. आजी हाताने पंखा फिरवत होत्या, कोळसा फुलत होता. ठोकाठोकी कुणीही बघावी, पण पाणी द्यायची वेळ आली तेव्हा बाबांनी मला गप्प बसवलं. लाल पात्याची फक्त धार पाण्यात बुडवली, लगेच काढली, विटेच्या तुकड्याने खसाखसा घासली. मागच्या जाड भागातली धग धारेकडे सरकू लागली तसा घासलेल्या पट्ट्यावर फिका पिवळा रंग चढला, मग गव्हाळ. त्याच क्षणी सगळं पातं पाण्यात. जरा आधी बुडवलं तर धारेचे टवके उडतात, उशीर झाला तर धार वळते. घड्याळ नाही, मीटर नाही.

मोबाइलमध्ये नागपूरजवळच्या माहुरझरीच्या महापाषाणीय (मोठे दगड रचून केलेल्या) दफनांतल्या लोखंडी कुऱ्हाडीचा फोटो होता. विदर्भातल्या या कुऱ्हाडी अडीच हजारांहून अधिक वर्षं जुन्या; त्यांना नेढं, म्हणजे दांडा बसवायचं भोक, नसतं; चपटं पातं दांड्याला आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्यांनी जखडलेलं असतं. नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीही सापडली आहे. हे सगळं मी जरा शिक्षकी थाटात सांगत होतो. बाबांनी फोटो मोठा केला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "नेढं पाडाले लोखंड लय लागते. हे हुशारीनं केलं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच एक तयार! माझ्या संग्रहातली ही एकच वस्तू मी वापरत नाही. पण हलवून पाहिली, पातं तसूभर हललं नाही.

तिसरी वस्तू कोयता. न विचारता त्यांनी त्याची धार उलट्या अंगाने घासली, डाव्या हाताला जमेल अशी. तिन्हींचे १८०० रुपये. घासाघीस करायची लाजच वाटली.

आता शेजारचे काका नारळ सोलायला कोयता मागून नेतात आणि पाच मिनिटांत परत आणतात. "हा तुझा कोयता वाकडाच चालतो रे."