46 पैकी 41, पण पाणी 9 पर्यंतच

मराठवाड्यातल्या एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेवर मी सल्लागारांच्या बाजूने प्लॅनिंग इंजिनिअर होतो. मुख्य जलवाहिनी 46 किलोमीटर, 300 मिलिमीटर व्यासाचे डीआय (डक्टाइल आयर्न, एक प्रकारचं चिवट बीड) पाइप. रोज संध्याकाळी साइटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे यायचे: खोदाई इतकी, पाइप इतके, जोड इतके. महिनाअखेरीस त्यांचा आलेख आढावा बैठकीत जायचा.

त्या महिन्याचा आलेख देखणा होता. 41 किलोमीटर पाइप टाकून झालेले. तोवर 40 कोटींचं काम व्हायला हवं होतं, झालं होतं 37 कोटी 20 लाखांचं, म्हणजे एसपीआय (झालेलं काम भागिले तोवर ठरलेलं काम, दोन्ही रुपयांत) 0.93. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967 मध्ये आपल्या कंत्राटदारांना लावलेली ही काम रुपयांत मोजायची पद्धत (अर्न्ड व्हॅल्यू) उपयोगी आहे, पण तिच्या लेखी सगळे रुपये सारखेच. शेतात टाकलेला पाइप आणि रेल्वेखालून ढकललेला पाइप यांत तिला फरक दिसत नाही. शिवाय काम कितीही रखडलं तरी पूर्ण झाल्यावर एसपीआय 1 वरच येतो! त्यात आमच्या कंत्राटात पाइप नुसते साइटवर आले तरी बिलाचा मोठा हिस्सा मिळत होता. मग रस्त्याकडेला रचलेल्या पाइपांनीही टक्केवारी वाढायची.

बैठकीच्या आदल्या दिवशी कार्यकारी अभियंत्यांचा फोन आला. "उद्या जिल्हाधिकारी मॅडम आहेत. शेवटच्या गावाला पाणी कधी, एवढंच विचारतील." आमच्या ठरलेल्या नमुन्यात या प्रश्नाला रकानाच नव्हता.

मी रोजचे आकडे पुन्हा उघडले आणि बेरीज न करता चेनेजप्रमाणे, म्हणजे पाण्याच्या उद्भवापासूनच्या अंतराप्रमाणे, एका आडव्या पट्टीवर मांडले. टाकलेला पाइप निळा, हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) झालेला हिरवा, बाकी पांढरं. निळा भरपूर दिसला, पण तुटक तुटक. हिरवं जवळजवळ नाहीच. सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, टोळीला मीटरवर पैसे. रान मोकळं दिसलं की पाइप टाकून पुढं. नाला, रस्ता आला की तोंडं उघडीच ठेवतात." सगळ्या पांढऱ्या तुकड्यांची लांबी मिळून 5 किलोमीटर, पण उद्भवापासून अखंड वाहिनी फक्त 9 किलोमीटर. तिथे रेल्वेमार्ग आडवा येत होता आणि परवानगीचा अर्ज अजून आमच्याच कार्यालयात पडून होता.

रात्री हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे कामातल्या अडथळ्यांची नोंदवही, घेऊन बसलो. प्रत्येक पांढऱ्या तुकड्याखाली तीनच गोष्टी लिहिल्या: अडचण काय, कागद कोणाच्या टेबलावर आहे, आणि तो सुटला तर पाणी पुढे कुठवर जाईल. आलेख पुरवणीत टाकले.

बैठकीत कंत्राटदाराचा मॅनेजर उखडला. "41 किलोमीटरची बिलं तुम्हीच पास केलीत, आता 9 कसे?" त्याचं चूक नव्हतं, दोन्ही आकडे खरेच होते. मॅडमनी पट्टीवर बोट ठेवून रेल्वेच्या अर्जाचं विचारलं आणि त्याच दुपारी तो रेल्वेच्या मंडळ कार्यालयाकडे रवाना झाला. मोकळ्या रानातली एक टोळी काढून नाल्यांवर लावली. पुढच्या महिन्यापासून टेस्ट झालेली अखंड लांबी पहिल्या पानावर घ्यायची ठरली. त्यावर मॅनेजरची सही मिळवायला बराच वेळ गेला.

टेस्टचं वेळापत्रक करताना मात्र नवाच गुंता निघाला. 300 मिलिमीटरचा एक किलोमीटर पाइप भरायला सुमारे 70 हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजारी सात टँकर, आणि तोंडावर एप्रिल. ज्या गावांना आम्ही पाणी देणार होतो, तिथे त्या दिवसांत पिण्यालाच टँकर चालू असतात. तेव्हा पट्टीखाली चौथी ओळ आली: टेस्टचं पाणी कुठून. एका तुकड्याची टेस्ट झाली की तेच पाणी पुढच्या तुकड्यात सोडायचं, असं सुपरवायझरने सुचवलं, आणि मग टेस्टचा क्रम आम्ही त्या हिशेबाने लावला.