आमची वाटचाल: बॅरलच्या दुकानापासून अमोनियाच्या बाटलीपर्यंत

मुंबईच्या दारूखाना भागात बाबांचं जहाजाच्या इंजिनाच्या वंगणतेलाचं छोटं दुकान होतं, रे रोड स्टेशनवरून चालत यायचे, हाताला कायम ग्रीस. तेल विकता विकता चीफ इंजिनिअर लोक विचारायला लागले, अहो हे अजून चालेल का बदलू, म्हणून मी मागच्या खोलीत टेस्टिंगचं टेबल टाकलं, आज तेच मुख्य काम झालंय आणि दुकान नावापुरतं.

इतकी वर्षं सगळा खेळ बीएनचा. इंधनात सल्फर, ते जळलं की ॲसिड, ते मारायला तेलात अल्कली घालतात, तिचा आकडा म्हणजे बीएन. 1 जानेवारी 2020 पासून जहाजाच्या इंधनातल्या सल्फरची मर्यादा 3.50 वरून 0.50 टक्क्यावर आणली आणि आमचे 70 बीएनचे ड्रम पडून राहिले, गिऱ्हाईक 40 मागायला लागलं. तो फटका लक्षात होता म्हणून जहाजाला इंधन म्हणून अमोनिया येणार असं कानावर आलं तशी आधीच तयारीला लागलो.

अमोनियात कार्बन नाही, सल्फर नाही, मला वाटलं चला, तेलाचे लाड संपले. कसलं काय! अमोनिया स्वतःच अल्कली. पुतण्याने वापरलेल्या तेलात थोडं अमोनियाचं पाणी घुसळून टेस्ट लावली तर बीएन चक्क वाढलेला, म्हातारं तेल तरणंताठं दिसतंय, तेच सॅम्पल तापवून वास घालवला की आकडा परत खाली. दुसऱ्या बाटलीत पितळी बुशचा तुकडा टाकून ठेवला होता, दोन दिवसांनी तळाचं पाणी निळंशार, तांबं सुटलेलं.

बर्फाच्या कारखानेवाल्यांना हे कधीचं माहीत आहे, अमोनियाच्या कॉम्प्रेसरला ते पितळ लावतच नाहीत. तिथे एकदा मी साधं इंजिन ऑइल देऊन बसलो होतो (चूक माझीच), ॲडिटिव्हचं आणि अमोनियाचं जुळेना, फिल्टरमध्ये खव्यासारखा गाळ, ड्रम परत आणला, वर शिव्या फुकट.

शिवाय अमोनिया पेटायला आळशी, सोबत थोडं डिझेल मारावंच लागतं म्हणजे काजळी थोडी आलीच, आणि जळल्यावर वाफ भरपूर, ती तेलात उतरली की पाणी. म्हणून असलं सॅम्पल आलं तर आधी पाणी, मग तांबं, मग तेलाचा जाडपणा, बीएन सगळ्यात शेवटी, असं पुतण्याने भिंतीवर लिहून चिकटवलंय. सध्या एक्झॉस्ट फॅन बसवलाय, बाजूचा साखळदंडवाला रोज ओरडतो, अहो शेठ, डोळे चुरचुरतायत, काय शिजवताय आत?