फोटोवरून नाव का सांगत नाही?

पाऊस लागला की माझ्याकडे फोटो यायला लागतात. पडलेल्या ओंडक्याला फळीसारखी चिकटलेली तपकिरी अळंबी, आणि खाली प्रश्न, "हिचं नाव काय?" मी तुकडा मागतो. मग हमखास दुसरा प्रश्न येतो, "फोटोवरून का सांगत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

गेल्या श्रावणात आमच्या बागेत आंब्याच्या एकाच ओंडक्यावर दोन अळंब्या मिळाल्या. रंग तोच, खालची बारीक छिद्रंही तशीच. मी एकाच नावाचं लेबल लावणार होतो. मग ब्लेडनं दोन्हींचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घेतला आणि ओळख पटवायला वापरतात त्या पोटॅशियम हायड्रॉक्साइड या रसायनाचा थेंब टाकला. दोन्ही काळवंडल्या. म्हणजे नुसत्या थेंबावर विसंबता येत नाही.

४०० पट मोठं करून पाहिलं तेव्हा फरक कळला. पहिलीच्या छिद्रांच्या भिंतींतून गडद तपकिरी, टोकदार काटे बाहेर आलेले, थेट करवंदीच्या काट्यांसारखे. लांबी जेमतेम २०-३० मायक्रॉन, आणि १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. ती फेलिनस गिल्व्हस; आता तिला फ्युस्कोपोरिया म्हणतात. दुसरीत एकही काटा नाही. अळंबीचं अंग ज्या धाग्यांनी विणलेलं असतं, त्यांतल्या बारीक, रंगहीन तंतूंवर मात्र प्रत्येक आडभिंतीपाशी छोटी कडी होती. फेलिनसच्या कुळात अशी कडी नसतेच. हे तंतू जाड तंतूंच्या गर्दीत हरवतात, म्हणून मला अळंबीची वाढती, कोवळी कड लागते. मधल्या जून भागात तासन्‌तास शोधूनही ते हाती लागत नाहीत. दुसरीचे बीजाणू मिळाले नाहीत, म्हणून वहीत फक्त 'कोरिओलॉप्सिस' हे गटाचं नाव लिहिलं. जातीची जागा अजून कोरी आहे.

तंतूंचे प्रकार पाहून अळंबी ओळखायची ही दृष्टी ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांची. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम करताना १९३२ साली त्यांनी ती मांडली, तीही पिवळ्या देठाच्या, नरसाळ्यासारख्या अळंबीवरून. ती आपल्या सह्याद्रीतही उगवते. पावसात दिसली की मी थांबतोच.

एवढा आग्रह धरायचं आणखी एक कारण आहे. निम्म्या फोटोंखाली विचारलेलं असतं, "हा फणसांबा का?" फणसाच्या झाडावरचा फणसांबा उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावायची आपल्याकडची जुनी रीत. पण त्या नावाखाली फेलिनसच्या एकाहून जास्त जाती चालतात. बाळाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला मी फोटोवरून 'हो' म्हणणार नाही.

तेव्हा तुकडा पाठवाल तर कडेसकट पाठवा, आणि प्लास्टिकमध्ये नको, कागदी पाकिटात. लाकूड कोणत्या झाडाचं तेही लिहा. अळंबी ताजी असेल तर रात्रभर छिद्रं खाली करून काचेवर ठेवा. सकाळी काचेवर पांढरी किंवा तपकिरी भुकटी, म्हणजे बीजाणू, दिसली, तर ती काचही जपून सोबत द्या.