कंबर बारीक न करता

"ताई, हे सगळे माझे फेव्हरेट आहेत. पण रिसेप्शनला मला शेवटचाच हवा," असं म्हणत नवरी मुलीनं मोबाइल माझ्या पुढ्यात धरला. सोबत आई होती. बाहेर मेचं ऊन मी म्हणत होतं आणि नागपूरच्या गोकुळपेठेतल्या माझ्या शिवणकामाच्या दुकानात कूलर नुसता आवाज करत होता.

मुलीची निवड चांगली होती, हे कबूल करायला हवं. सगळे स्प्रिंग-समरच्या, म्हणजे उन्हाळी हंगामाच्या, फॅशन शोमधले कपडे. डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या 1999च्या कलेक्शनमधला पांढरा झगा, ज्यात मॉडेल शालोम हार्लो गोल फिरते आणि दोन यंत्रमानव तिच्यावर रंगाच्या पिचकाऱ्या मारतात. जेनिफर लोपेझनं ग्रॅमीला घातलेला व्हर्साचेचा हिरवा गाऊन, तो 2000चा. मग 2023चा कोपर्नी या ब्रँडचा, मॉडेल बेला हदीदच्या अंगावर फवारून तिथल्या तिथे तयार केलेला. त्यात टाका नाही, शिवण नाही. आमच्या मास्टरनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, "मंग आमी काय कराचं जी?"

शेवटचा फोटो मात्र जुना, काळा-पांढरा होता. सीन नदीचा काठ, डोक्यावर पसरट टोपी, हातात मोजे, बारीक कंबरेचं फिकट जॅकेट आणि खाली काळा घेरदार स्कर्ट. फ्रेंच डिझायनर ख्रिश्चन दिओरचा बार सूट. 12 फेब्रुवारी 1947ला पॅरिसमध्ये त्यानं आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं, तेही स्प्रिंग-समरचंच. कारमेल स्नो या फॅशन मासिकाच्या संपादिकेनं त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. युद्धात कापड मोजून वापरायची सवय लागली होती, इंग्लंडात तर कपड्यांवर रेशनिंग 1949पर्यंत होतं. अशा दिवसांत एकेका स्कर्टला इतकं कापड घातलं म्हणून लोक चिडलेही.

आईची हरकत वेगळीच होती. "लग्नात काळं? संक्रांत आहे का आता?"

स्कर्ट गर्द हिरवा करायचा ठरलं. मूळचा लोकरीचा आहे, हे मी सांगितलंच नाही. नागपुरात मेमध्ये लॉनवरच्या रिसेप्शनला लोकर म्हटलं असतं तर दोघी उठून गेल्या असत्या. सुती कापडावर भागवलं.

जॅकेटचं मात्र मला मनापासून आवडलं. मूळ जॅकेट शांतुंग रेशमाचं आहे. शांतुंग पूर्वापार रानरेशमाचं, म्हणजे आपल्या कोसा रेशमाचाच भाऊबंद. भंडाऱ्याकडे मोहाडी, आंधळगावला हातमागावर विणला जातो तो कोसा माझ्या कपाटात होताच. रंगसुद्धा जवळपास तोच, किंचित पिवळसर. परदेशातलं डिझाइन आणि घरचं कापड इतकं सहज जुळून येणं क्वचितच होतं.

अडचण पुढे आली. मुलगी कंबर कमी करायला पंधरवड्यापासून काकडीवर जगत होती. माप घेताना तिनं पोट इतकं आत ओढलं की टेप सैल पडली. आई वैतागून म्हणाली, "सांगा हो मॅडम हिला काही. लग्नात चक्कर येऊन पडेल."

मी म्हटलं, आधी मांजरपाटात, म्हणजे साध्या सुती कापडात, ट्रायल बघू.

मांजरपाटाचं जॅकेट कच्च्या टाक्यात घालून बघितलं तर अगदी साधं दिसलं. मुलीचा चेहरा उतरला. "दिसलं ना, अजून दोन किलो."

दोन किलोंनी काहीच झालं नसतं. त्या जॅकेटची गंमत कंबरेत नाहीच मुळी, कंबरेखाली आहे. तिथला घेर आतून भरलेला असतो. खाली फुगीर असलं की वरचं आपोआप निमुळतं दिसतं. लोकर असती तर थोडा आकार वाफेच्या इस्त्रीनं देता आला असता. मास्टरनी आधीच बजावलं होतं, "कोसा व्हय हा मॅडम, इस्त्रीनं वळणार नाही." खरंच होतं. कोसा वाफेनं आटवून बसवता येत नाही, वर पाण्याचा थेंब पडला तरी डाग धरतो आणि कापली कड लगेच सुटायला लागते. आकार काय तो शिवणीतून आणि आतल्या भरावातून काढायचा.

अस्तराच्या तुकड्यात कापूस भरून आम्ही दोन पॅड केले. करंजीसारखे, मध्ये जाड आणि कडेला पातळ. कडेची जाडी जास्त राहिली तर वरून रेघ उमटते, म्हणून मास्टरनी बोटांनी कापूस विंचरून विंचरून कड उतरवली. यातच तासभर गेला. कंबरेच्या शिवणीच्या जरा खाली, दोन्ही बाजूंना पॅड टाचले, पुढचे टक्स थोडे वर सरकवले आणि जॅकेट परत घालायला दिलं.

मुलगी आरशासमोर वळली, परत वळली. "तुम्ही कंबरेत दाबलंत का?"

"नाही."

"दाबलंय. दिसतंय ना."

मी टेप तिच्याच हातात दिली. तिनं स्वतः मोजलं, आईकडून मोजून घेतलं, मग मास्टरच्या वहीतलं सकाळचं माप काढायला लावलं. आकडा तोच. आई हसायला लागली आणि पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हातात कोंबला. मुलीनं उभ्या उभ्या, पॅड लावलेल्या जॅकेटातच, अर्धा संपवला. मी ओरडले ते चुऱ्यासाठी. मांजरपाट असला म्हणून काय झालं, मापाचं कापड आहे.

पुढचं काम सरळ होतं. कोसा कापायच्या आधी मागून पातळ कॅनव्हास चिकटवला, कडा लगेच ओव्हरलॉक केल्या, इस्त्री उलट्या बाजूनं आणि कोरडी. मास्टरनी त्या दिवसांत कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं, एक तुषारही नको म्हणून. आम्ही सगळे घामाघूम.

फायनल ट्रायलला आईनं जॅकेट हातात घेऊन आतून उलटंपालटं करून बघितलं, पॅड चिमटीत धरून दाबले आणि मला बाजूला घेतलं. "हे काढता येतील असे ठेवता येईल का हो? म्हणजे नंतर मलाही साडीवर घालता येईल. मला आत भरायची गरज नाही."

पॅडना टिचबटणं लावून दिली. त्याचे पैसे वेगळे लावले, तिनं घासाघीस न करता दिले.