चालू हाय, पण...

सोलापुरात कुणाला "माग चालू आहे का?" असं विचारलं तर "हो" असं उत्तर मिळत नाही. "नाही" असंही मिळत नाही. "चालू हाय, पण..." असं मिळतं. त्या 'पण'च्या पुढं पाच मिनिटांची हकीकत असते. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ संपत आलाय, सूत नवीन लॉटचं आहे, कालपासून डावीकडचा काठ नीट पडत नाही आणि माग दुरुस्त करणारा जॉबर अक्कलकोटला लग्नाला गेलाय. ही सगळी हकीकत मोबाइलच्या पडद्यावर 'हो / नाही'च्या दोन बटणांत बसवणं हा माझा सध्याचा धंदा आहे.

गाव चादरींचं आणि टॉवेलांचं. कारखान्यात पाळी बदलताना एक तपासणी यादी भरायची असते: यंत्रं, वायरिंग, आग विझवायचे सिलिंडर, शिलाईच्या तुटलेल्या सुयांची नोंद, तयार टॉवेलचं वजन. माल परदेशी जात असेल तर घेणाऱ्याचा माणूस येऊन या याद्या चाळतो. आजवर त्या कागदावर होत्या. पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन, आणि सगळ्या ओळींवर एकाच तिरकेपणाच्या बरोबरच्या खुणा. त्या एका दमात मारल्यात हे भरणाऱ्याला माहीत असतं, मालकाला माहीत असतं आणि तपासायला आलेल्यालाही माहीत असतं. तिघं मिळून चहा पितात.

मला यात आळस दिसत नाही. यादीतले निम्मे प्रश्न समोरच्या यंत्राला लागूच नसतील तर माणसाचा हात डोळ्याच्या पुढं पळणारच. परदेशातून जशीच्या तशी आलेली एक यादी मी पाहिली आहे. आगीसाठीच्या पाइपातलं पाणी थंडीत गोठू नये म्हणून काय व्यवस्था केली आहे, असा तीत एक प्रश्न होता. मे महिना होता. सुपरवायझरनं त्यापुढं शांतपणे 'व्यवस्था समाधानकारक' असं लिहिलं होतं. खोटंही नव्हतं ते.

तर यादी मोबाइलवर आणायची आणि ज्याला जे लागू तेवढंच विचारायचं. यासाठी लो-कोड नावाची साधनं आहेत. पानं भरभरून प्रोग्रॅम लिहायचे नाहीत. तयार चौकोन, यादी, बटण ओढून मांडायचं आणि मधे थोडी सूत्रं लिहायची. 'लो-कोड' हे नाव फॉरेस्टर या संस्थेनं २०१४ मध्ये रूढ केलं. पॉवर ॲप्स, ॲपशीट, झोहो क्रिएटर ही त्यातली आपल्याकडं वापरली जाणारी साधनं. प्रत्येकात प्रश्न केव्हा दिसावा हे सांगायची सोय असते. ॲपशीटमध्ये तिला 'शो इफ' म्हणतात, पॉवर ॲप्समध्ये 'व्हिजिबल'. तिथं एक ओळ लिहिली की प्रश्न गायब. ही ओळ लिहायला फार सोपी आहे आणि धोका तिथंच आहे.

कारण कुठला प्रश्न केव्हा लपवायचा हे साधनाला ठाऊक नसतं. मलाही नसतं. ते अण्णांना ठाऊक असतं.

अण्णा म्हणजे जॉबर. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. घरात तेलुगू, मागावर मराठी, मालकाशी हिंदी, आणि यंत्राशी कुठली भाषा बोलतात ते त्यांनाच माहीत. त्यांच्यापाशी बसून मी यादी करतो.

"अण्णा, पाइलचा बीम रोज बघता का?"

"रोज कशाला ओ? नवा बीम चढवला की त्या दिवशी बघायचं. मग आवाज बदलला की बघायचं."

"आवाज बदलला म्हणजे?"

"बदलला म्हणजे बदलला. तुमाला न्हाई कळायचं, मला कळतंय."

या तीन वाक्यांत दोन अटी आहेत. पहिली सोपी: बीम कधी चढवला ती तारीख ॲपकडं असली की तो प्रश्न नेमक्या दिवशी आपोआप उघडतो. दुसरीसाठी मी यादीत सरळ लिहिलं: 'मागाचा आवाज रोजच्यासारखा आहे का?' मालक म्हणाले, "हा काय प्रश्न झाला? याला माप काय?" माप काही नाही. पण 'नाही' दाबलं की खाली सहा प्रश्न उघडतात आणि त्या सहांत बिघाड बहुधा सापडतो. माझ्या मते अख्ख्या यादीतला हाच सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

पहिला प्रश्न मात्र 'माग कशाचा, चादरीचा की टॉवेलचा?' हाच ठेवला. टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात, एक जमिनीचा म्हणजे खालच्या साध्या विणीचा आणि एक पाइलचा. टॉवेलवरची ती मऊ लूप पाइलच्या ढिल्या धाग्यांतून उठते. चादरीच्या मागाला पाइल नाही, पण डोक्यावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र, असतं. एका उत्तरात निम्मी यादी झडून जाते. आधी जास्तीत जास्त झाडणारा प्रश्न विचारायचा, बारीकसारीक मागून. सांगायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक कारखान्याच्या यादीचा पहिला प्रश्न 'तपासणाऱ्याचे नाव' हा असतो, आणि तो बदलायला सुचवलं की मालकाला घराण्याचा अपमान झाल्यासारखं वाटतं.

पहिला प्रश्न चुकला तर काय होतं याचं एक मोठं उदाहरण आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यू यॉर्कमध्ये एका विमानाला उडाल्यावर लगेच पक्षी धडकले आणि दोन्ही इंजिनं गेली. वैमानिकांनी ते हडसन नदीत उतरवलं, सगळे १५५ जण वाचले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यांच्या हातातली यादी मात्र फारशी कुणाला माहीत नसते. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर काय करायचं याची ती यादी तीन पानांची होती आणि विमान खूप उंचावर असेल, हाताशी भरपूर वेळ असेल, असं धरून केलेली होती. यांच्या हाताशी साडेतीन मिनिटं होती. पहिल्या भागातल्या बहुतेक पायऱ्या करून होईतो नदी आली. पाण्यावर उतरताना दाबायचं बटण यादीत पुढं होतं, तिथवर ते पोचलेच नाहीत. 'उंची किती आहे?' हा प्रश्न यादीच्या तोंडाशी असता तर खालच्या उंचीची वाट वेगळी काढता आली असती.

याद्या छोट्या ठेवा, असं सगळे जाणकार सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी केलेली यादी अवघ्या १९ मुद्द्यांची आहे. खरं आहे. पण तिथं टेबल एक, रोगी एक. इथं एकाच छपराखाली चादर, टॉवेल, डाइंग आणि पॅकिंग. इथं यादी लांबच राहणार. भरणाऱ्याला ती लांब वाटू नये, एवढंच आपल्या हातात.

त्यातही पाण्याची शाखा माझी लाडकी. आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत बोअर आणि टँकर. बोअरचं पाणी जड. सुती टॉवेल रंगवताना असलं पाणी सरळ वापरलं तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रंगाच्या आड येतात आणि कापडावर पट्टे उमटतात. म्हणून डाइंगच्या यादीत 'आज पाणी कुठलं?' नळ म्हटलं तर पुढं चला. बोअर किंवा टँकर म्हटलं तर जडपणा मोजा आणि आकडा लिहा. आकडा मर्यादेच्या वर गेला तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, चालवला का? चालवला असेल तर त्याला मिठाचं पाणी शेवटचं कधी दिलं? कुठल्याही परदेशी नमुन्यात ही साखळी तयार मिळणार नाही. ती नळाच्या वेळापत्रकातून आली आहे.

प्रश्नाची भाषा हेही एक प्रकरण आहे. 'सिलिंडर ठीक आहे का?' असं विचारलं तर बसल्या जागी 'हो' येतं. 'काटा कुठल्या रंगावर आहे?' असं विचारलं की उठून जावं लागतं. मी 'ठीक', 'योग्य', 'समाधानकारक' हे शब्द यादीतून शक्य तितके काढतो. मालकांना ते आवडत नाही, कारण 'समाधानकारक' लिहिलेलं पान फाइलीत शोभून दिसतं.

आता थोडं यंत्राच्या पोटातलं. हो-नाहीचे बारा प्रश्न असतील तर उत्तरांच्या ४०९६ जोड्या होतात. प्रत्येक प्रश्नाच्या मागं वेगळं सूत्र लिहिलं की सहा महिन्यांनी कुठला प्रश्न का दिसत नाही हे सूत्र लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून प्रश्न पडद्यावर ठोकायचे नाहीत, एका तक्त्यात ठेवायचे: प्रश्न काय, तो कुठल्या प्रश्नाच्या खालचा, आणि वरच्याचं कुठलं उत्तर आलं की उघडायचा. पडदा तो तक्ता वाचून स्वतःला मांडतो. मग नवा प्रश्न घालायला माझी गरज उरत नाही; ऑफिसातला हिशेब बघणारा मुलगाही तक्त्यात ओळ टाकतो. धंद्याच्या दृष्टीनं हे माझ्या पायावर धोंडा आहे, पण झोप लागते.

दुसरी भानगड भुतांची. सुपरवायझर 'बोअर' दाबतो, जडपणा ४०० लिहितो, मग त्याच्या लक्षात येतं की आज नळाचं पाणी आहे. तो उत्तर बदलतो. खालचा प्रश्न दिसेनासा होतो, पण व्यवस्था केली नसेल तर ४०० हा आकडा नोंदीत तसाच बसून राहतो. महिनाअखेरीच्या तक्त्यात महापालिकेचं पाणी ४०० जडपणाचं निघतं आणि मालक महापालिकेवर चिडतात. चिडायला दुसरी कारणं पुष्कळ आहेत, हे एक तरी कशाला? प्रश्न लपला की त्याचं उत्तर पुसायचं, हा नियम. पण कापसाचे तंतू चिकटलेल्या अंगठ्यानं भलतंच बटण दाबलं जातं, हेही खरं. तेव्हा पुसण्याआधी एकदा विचारायचं.

आणि रिकामी जागा. कागदावर रिकामी जागा एकच असते. इथं 'नाही' वेगळं, 'लागू नाही' वेगळं, 'बघितलं नाही' वेगळं, आणि 'विचारलंच नाही' आणखी वेगळं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तो न विचारण्याचा निर्णय माझ्या तक्त्यानं घेतलेला असतो, आणि उद्या काही झालं तर यादी भरणाऱ्याकडं बोट दाखवता येत नाही. म्हणून कुठल्या तारखेला कुठला तक्ता लागू होता हे मी जपून ठेवतो. जुनी नोंद जुन्याच प्रश्नांसकट उघडली पाहिजे.

असलं काही बोलायला लागलो की गावातले जाणते लोक म्हणतात, "अहो, कॉम्प्युटरचा आजा आमच्या मागावर बसलाय की." म्हणजे जॅकार्ड. फ्रान्समध्ये लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ते आणलं. पुठ्ठ्याला भोक असेल तर सुई आत जाते, हुक वर उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्याला एक पुठ्ठा, आणि पुठ्ठे ओवून केलेली लांबच लांब माळ. जॅकार्डचं स्वतःचं चित्र रेशमात विणलं तेव्हा चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. सोलापुरी चादरीवरचा मोर याच रीतीनं उतरत आला. आता नव्या मागांवर पुठ्ठे जाऊन इलेक्ट्रॉनिक पेटी आली आहे.

आजा आहे हे कबूल. पण त्या माळेत 'जर' कुठंच नाही. कुठला धागा केव्हा वर यायचा याचा सगळा निवाडा नक्षीकारानं चौकटीच्या कागदावर आधीच केलेला असतो. मागाला विचार करायला काही उरत नाही. मोर अर्ध्यावर आल्यावर 'सूत तुटलंय, आता काय करू?' असं पुठ्ठा विचारत नाही. आलेलं उत्तर बघून पुढची वाट ठरवायची कल्पना चार्ल्स बॅबेजच्या ॲनालिटिकल इंजिनात आली. त्यानं जॅकार्डचेच पुठ्ठे घेतले आणि त्यांना मागं-पुढं उडी मारायची मुभा दिली. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरं झालं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. त्याच्या गिऱ्हाइकानंही मधेच आणखी चार अटी घातल्या असतील अशी मला शंका आहे.

माझा निवाडा काही आधी पुरा होत नाही. म्हणून प्रत्येक यादीच्या शेवटी 'शेरा' नावाचा मोकळा चौकोन ठेवतो, काही अट न घालता. त्यात लोक काहीही लिहितात. 'पंख्याला सांगून दमलो.' 'बेल्ट ढिला, मेव्हण्याकडून मागवलाय.' दर आठवड्याला मी फक्त तेवढेच वाचतो. तक्त्यातला पुढचा प्रश्न बहुतेक वेळा तिथूनच निघतो. मागं सप्टेंबरात एक शेरा आला: 'पाऊस आला की पत्र्यातनं सात नंबर मागावर ठिबकतंय.' मी डोक्यावर नवा प्रश्न घातला, 'रात्री पाऊस झाला का?', आणि 'हो'च्या खाली तीन प्रश्न: पत्रा, स्टार्टरची पेटी, उघडं पडलेलं सूत.

मालकांनी पाहिलं आणि हसले. "सोलापुरात हा प्रश्न वर्षातनं कितीदा उघडणार हो?"

अण्णा बाजूलाच बीम चढवत होते. मान वर न करता म्हणाले, "पत्रा बदला, मग काढा की."

पत्र्याचा अंदाजखर्च मागवलाय. तोवर प्रश्न आहे.